मामी, तिथं मोटारसायकल न्हवतीच

मामी, उद्या तुमचा तेरावा. तुमची लेक मंदा वही घिऊन बसलीया आन मी बोलतोय. मला लिहाय येत न्हाई हे तुमाला ठावं हायच. साळंत दोन म्हैनं गेल्तो, मंग गुरुजीच बापाला म्हनले, ह्याला ढोरांमागं धाडा, साळंचं भलं व्हईल. ढोरांचं काय झालं ते कुनी इचारलं न्हाई.

दहाव्याला नदीवर तुमच्यावर लई जन बोलले. एक म्हनला धार्मिक हुत्या, एक म्हनला मनमिळाऊ हुत्या, तिसऱ्यानं तर तुमचं नावच चुकवलं, पर रडला चांगला. मंग माईक माझ्याकडं आला. मी दोनदा फू फू केलं आन परत दिला. लोक हसले. दहाव्याला लोकं हसवनारा जावई आख्ख्या तालुक्यात मी एकटाच असन.

तवा भाऊकीनं ठरवलं, तेराव्याला घरचीच मानसं असत्यात, जावयाला काय सांगायचं ते लिहून आनू द्या, मंदा वाचून दाखवंल. आन मला म्हाईत हाय मामी, उद्या तिथं काय व्हनार. समोरच्या भागाकाकू उठनार आन तीच गोष्ट सांगनार, जी तुमी नऊ वर्सं गावाला सांगत आला. 'जखमी कुत्रं लेकरावानी उचलून आनलं हुतं सुभद्राच्या जावयानं, पार कॅनॉलपासनं.' सगळे माझ्याकडं बघनार. मी मान खाली घालनार. आन लोकं म्हननार, बघा, कवतिक केलं तरी वर बघत न्हाई, केवढा नम्र.

मामी, त्या गोष्टीत एक खोटं हाय आन ते माझं हाय. भागाकाकू उभ्या राहायच्या आत ते मला बाहेर काढायचंय. मंदानं आत्ता वर बघितलं. म्हनलं लिही, थांबू नको. तू थांबलीस की मी बी थांबतो, आन मंग हे ऱ्हाऊनच जातं.

पर एकदम मला धीर व्हायचा न्हाई. जरा लांबनं येतो.

पोरी सासरला येत्यात तवा संगं करवली येती. मी घरजावई म्हनून तुमच्या दारात आलो तवा माझी करवली म्हंजी टिप्या. पाथर्डीकडनं यष्टीत कुत्रं घेईनात, म्हनून उसाच्या रिकाम्या ट्रकनं आलो. डायवर म्हनला क्याबिनमधी एकालाच जागा हाय. आमच्या दोघांकडं बघितलं आन त्यानं कुत्रं पसंत केलं. नवरदेव मागं पाचटात बसून आला.

तुमी दारात माझ्यावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. तो भुईला लागायच्या आदी टिप्यानं वरच्यावर झेलला. माझी दिष्ट कुत्र्यानं खाल्ली. बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मला वाटलं झालं, उंबरा वलांडायच्या आदीच लाज गेली. आन तुमी खाली वाकून म्हनला, "वा रं वा! भुईला सुदिक लागू दिला न्हाई. लई गुनाचं हाय."

मी म्हनलं, "न्हाई मामी, एवढा बी न्हाई."

"तुमाला न्हाई पाव्हनं. ह्याला म्हनलं."

तितनं आपली वळख.

तुमच्या घरी समदं हुतं. कॅनॉलच्या चारीला पानी, चार गायी, दारात शेवगा. आमच्याकडं तांब्याभर पान्यात आंघोळ करून खालचं पानी झाडाला घालायची रीत. इथं पैल्या दिशी मी नळ चालू ठिवून नुसता बघत बसलो, तुमाला वाटलं जावयाला काय झालंय. पर 'माझं' म्हनावं असं इथं फकस्त टिप्या हुता. बायको माझी, पर आदी ती तुमची लेक. भांडान झालं की तिचं माहेर दोन पावलांवर. मी रुसून जानार कुठं? मी जाऊन टिप्याजवळ बसायचो. तुमी तिथंच ताट आनून द्यायचा. दोन ताटं. एक माझं, एक त्याचं. शपथ सांगतो मामी, कवा कवा अदलाबदल व्हायाची आन दोघांना बी फरक कळायचा न्हाई.

आता कोंबड्यांचं.

भागाकाकूच्या कोंबड्या दिसभर मोकळ्या. टिप्यानं एक दिस एक धरली, जित्ती, तोंडात हळू. मी घाबरलो. खिशात गुळाचा खडा हुता. "सोड, सोड, हे घे." त्यानं कोंबडी सोडली, गूळ घेतला, कोंबडी वरडत पळाली. मला वाटलं, काय डोकं चाललं माझं! टपरीवर जाऊन सांगितलं सुदिक. दुसऱ्या दिशी त्यानं दुसरी आनली. मी गूळ दिला. तिसऱ्या दिशी त्यानं कोंबडी माझ्या पायापाशी ठिवली आन माझ्या खिशाकडं बघत बसला. चौथ्या दिशी कोंबडा आनला. कोंबडा मोठा, म्हनून मी बी खडा मोठा दिला.

तुमी गोठ्यातनं बघत हुता. म्हनला, "पाव्हनं, दुकान कवा उघडलं?"

"कसलं दुकान मामी?"

"कोंबडी आना, गूळ न्या."

"न्हाई, मी सोडल्याचा गूळ देतोय."

"त्याला कसं कळावं तुमी कशाचा देताय? सोडायचं म्हंजी आदी धरावं लागतं. कुत्र्यात काय बी खोट न्हाई. कुत्रं हुशार हाय."

म्हंजी खोट कुनात हाय ते तुमी बोलला न्हाई. तुमी कवाच बोलला न्हाई. मंदा बोलली, ती लगीच बोलती. आत्ता बी लिहिता लिहिता म्हनतीय, "खोट कुनात हुती ते बी लिहू का?" नको म्हनलं, कळंल लोकांना.

मंग एक कोंबडी भेदरून मेली. भागाकाकू कमरेला पदर खोचून आल्या. टिप्या शेपटी हलवत त्यांच्या पायात घोटाळला, कारन त्यांच्या अंगाला कोंबड्यांचा वास.

"सुभद्रे, कुत्रं तरी दे न्हाईतर जावई तरी दे!"

तुमी म्हनला, "जावई कशाला गं?"

"डालग्याखाली कोंडते आन अंड्यावर बसवते. दुसरं काय येतंय त्याला?"

मी म्हनलं, "काकू, ते बी जमंल का न्हाई सांगता येत न्हाई."

त्या हसल्या न्हाईत. म्हनल्या, पोळ्यापातूर बघते. पोळ्याच्या दिशी ह्या कुत्र्यानं माझ्या पिसाला जरी तोंड लावलं, तर माझी पोरं त्याला पोत्यात घालून घाटात सोडून येत्याल. त्यांची पोरं मागं उभीच हुती, एकाच्या हातात खरंच पोतं. पोळ्याला दीड म्हैना हुता. मला भाकर गोड लागंना. माझ्याकडचं येवढंच एक जित्राब हितं, आन ते बी माझ्याच गुळानं चाललं हुतं.

तुमी दुसऱ्या दिशी दारात शेंगा फोडायला बसला. वटीत भाजलेलं शेंगदानं आन चिमटीभर गूळ. टिप्याला दोरीनं खांबाला बांधला आन कोंबड्यांना दानं टाकलं. कोंबडी जवळ आली की टिप्या उठायचा. तुमी बघायचा बी न्हाई. उठून उठून दमला, बसला. बसल्या बसल्या तुमी म्हनला, "गुनाचं माझं ते," आन एक शेंगदाना. उठला, काय न्हाई. बसला, "गुनाचं माझं ते." मी म्हनलं, "मामी, असं दारात बसून कुत्र्याच्या पाया पडल्यानं ते सुदारतं व्हय? दोन ठिवून द्या. मार बसल्याबिगर अक्कल येत न्हाई, मला बघा."

"तुमाला लई बसला व्हय?"

"लई. बापाचा, चुलत्याचा, मुकादमाचा."

"मंग आली का?"

मी खाली बसून तुमच्या शेंगा फोडाय लागलो.

मी म्हनलं, पोळ्याला बैलाला पुरनपोळी घालत्यात, ते काय येगळं हाय? तुमी म्हनला, "तेच तर. वरीसभर पराणी टोचायची आन एक दिस पोळी चारायची. बैलाला कळतं का ती पोळी कशाची हाय? मला नांगरायच्या दिशी तासाच्या टोकाला गेल्यावर कुनी पोळी दिली तर मी आजून एक तास मारंन." मामा हयात असतानाचं तुमी सांगितलं, की तुमचा ढवळ्या नुसत्या तोंडाच्या बोलन्यावर वळायचा आन मामांना त्याचा राग यायचा, कारन मामांचं तोंड तसं बोलायचं न्हाई.

गूळ तुमी दिसादिसाला कमी करत गेला. आदी बसलं की गूळ, मंग दोनदा बसलं की एकदा, मंग कवातरीच. शबूद मातर दर टायमाला. आपलं भांडान तिथंच. मी म्हनायचो, नुसत्या शबदावर कुत्रं ऱ्हात न्हाई मामी, पोट हाय त्याला. तुमी म्हनायचा, पोट भरलं की गूळ संपतो, शबूद संपत न्हाई. मी म्हनायचो, मंग आज जेवाया नुसता शबूदच वाढा. तुमी भाकरीवर तुपाचा गोळा वाढायचा. हे भांडान नऊ वर्सं चाललं आन मी एकदा बी जिकलो न्हाई, पर तूप दर टायमाला खाल्लं.

आन माझं सकाळचं उठनं. ते तर मी आजपातूर कुनालाच सांगितलं न्हाई, आता निघालंच हाय तर निघू द्या. मी आलो तवा सात वाजल्याबिगर अंथरून सोडत न्हवतो. एक दिस पोटात कळ आली, पहाटंच पळालो. येताना अंधुकात गोठ्याजवळनं आलो, कालवड सुटली हुती, बांधली, तिच्याम्होरं उगं पेंढीभर घास टाकला. तुमी धारंला आला. म्हनला, "अगं बया! पाव्हनं पहाटंचं उठून वैरन करून बसलं!" दिसभर आळीत तेच. भागाकाकूला, दूधवाल्याला, मळ्यातल्या बायांना. च्या आला तो निस्त्या दुधाचा. आता मी काय सांगू, की मी वैरनीला न्हाई, वढ्याला गेल्तो? दुसऱ्या दिशी पोट बरं हुतं, तरी उठलो. लाज वाटली झोपायची. नऊ वर्सं झाली, उठतोय. एका जुलाबावर तुमी मला मानसात आनलं मामी.

तुमच्या हाताखाली तांबडी गाय कवा हलली न्हाई. 'दे गं बाई, दे माझी शानी' म्हनायचं आन बादली भरायची. माझ्या हाताखाली पैल्या पैल्यांदा गाय सोडा, बादली बी लाथ मारायची. तुमी म्हनला, गायीला न्हाई, आदी तुमच्या हाताला सांगा, बाबा हळू, शाना हाय तू. मी कुनी बघत न्हाई बघून माझ्याच हाताला शाना म्हनलं. मंदानं बघितलं. ती आजून हसती.

तर त्या दिशीची गोष्ट. आदी तुमी सांगायचा तशीच सांगतो. पोळ्याला तीन आठवडं ऱ्हायलं हुतं. टिप्या आता दोरीबिगर बसाय लागला हुता. मी त्याला घिऊन चारीवर गेल्तो. तिथं मोटारसायकलवाल्यानं त्याच्या मागच्या पायाला धक्का दिला आन पळून गेला. मी टिप्याला दोन्ही हातावर घिऊन मैलभर चालत आलो, सदरा समदा रगतानं भरलेला. तुमी हळद लावली, कापड गुंडाळलं, मला गुळाचा च्या दिला आन म्हनला, "लई चांगलं केलं पाव्हनं. लई गुनाचं काम केलं." हीच गोष्ट गावभर झाली. भागाकाकूचं मन तितनंच फिरलं. आन पोळ्याच्या दिशी, बैलं वाजत गाजत येशीतनं आली, कोंबड्या भिऊन इकडं तिकडं पळाल्या, दोन तर टिप्याच्या पाठीवरनं पळाल्या, आन टिप्या आपला पाय लांब करून बसला तो बसला. भागाकाकू बघत हुत्या. त्यांच्या पोरानं आनलेलं पोतं त्यांनी त्याच्याच हातात दिलं, म्हनल्या जा, गव्हाला ने. मंग त्यांनी बैलाच्या ताटातली अर्दी पोळी मोडून टिप्याला टाकली आन म्हनल्या, "घे मुडद्या. गुनाचं हाय." शबूद तुमचाच. तुमी एका टायमाला दोघांना शिकवलं हुतं, एक कुत्रं आन एक काकू.

टिप्या ऱ्हायला. माझी करवली ऱ्हायली. त्यासाठी मी तुमचे पाय धरायला पायजे हुते. मी काय केलं? मी म्हनलं, "बघा, मार न देता बी जमतं, मी म्हनत न्हवतो का?" तुमी हसला. तुमी कवाच म्हनला न्हाई की पाव्हनं, तुमी उलटं म्हनत हुता.

दहाव्याला मी ठरवून गेल्तो, की कावळा शिवायचा न्हाई. माझं तसं पक्कं मत हुतं. मामींच्या जिवाला माझंच खोटं अडकलं असनार, दुसरं काय असनार? लोकं एक एक वचन देतील, नातींना शिकवू, गायी इकनार न्हाई, तरी कावळा झाडावर बसून ऱ्हाईल. मंग मी म्होरं जाईन, पिंडाजवळ वाकून खरं सांगीन, आन कावळा येईल. मी दहा दिस ते शबूद तोंडात घोळवले. पिंड ठिवला. मी वहाना काढल्या, म्होरं व्हायला एक पाय उचलला. तेवढ्यात कावळा आला बी, भात घेतला बी, गेला बी. गुरुजी म्हनले, लई समाधानानं गेल्या. मी एका पायावर उभा. शेजारचा म्हनला, "दाजी, काटा मोडला का?"

म्हंजी तुमी माझ्यासाठी खोळंबला न्हवता. माझीच माझ्याबद्दल समजूत लई मोठी.

पर मंग ते खोटं माझ्याकडंच ऱ्हायलं ना. तुमी गेला, आता ते कुनाकडं देऊ? म्हनून सांगतो. मंदा, नीट लिही.

मामी, तिथं मोटारसायकल न्हवतीच.

आमी चारीवर गेल्तो हे खरं. पुलाजवळ चार मानसं बसली हुती. भागाकाकूच्या तिथल्या मळ्यातला कोंबडा चरत चरत पुलापातूर आल्ता. टिप्यानं त्याला धरला. वीस दिस धरला न्हवता, त्या दिशी धरला, आन आनून माझ्या पायाशी ठिवला, पैल्यासारखा. मी शिकवलं हुतं तसंच. त्यातला एक जन म्हनला, "घरजावयाचं कुत्रं बी घरजावईच की. दुसऱ्याच्या दारचं खातंय." सगळी हसली. मी बी हसलो, मला हसायची सवय. आन हसता हसताच कडंची बाभळीची काठी उचलली आन त्याच्या मागच्या पायावर घातली. एकदा न्हाई मामी. तीनदा. कोंबडा कवाच पळाला हुता.

ती मानसं उठून गेली. टिप्या उसात शिरला. मी तिथंच बसलो. मंग हाक मारली, ते येईना. मार खाल्लेलं जनावर कसं येईल? मंग मी तुमच्यासारखं म्हनलं. "गुनाचं माझं ते." आन मामी, ते आलं. तीन पायांवर वढत वढत आलं आन माझ्या हातात तोंड घातलं. तुमच्या शबदावर इस्वास ठिवून ते माझ्याकडं आलं. मला मारताना काय वाटलं न्हाई एवढं तवा वाटलं.

मंग उचललं आन आनलं. घरी आल्यावर तुमी इचारलं, "काय झालं?" आन माझ्या तोंडातनं मोटारसायकल निघाली. आन तुमी च्या दिला, आन म्हनला लई गुनाचं काम केलं. टिप्यासारखंच झालं माझं. कोंबडी धरली आन वरनं गूळ घावला. त्या दिसानंतर मी कुठल्याच जित्राबावर हात उचलला न्हाई हे तुमी बघितलंय. पर लोकं कवतिक करायची आन टिप्या लंगडत शेजारनं जायचा. थंडी पडली की आजून लंगडतो. नऊ वर्सं मला त्या च्याची चव गेली न्हाई.

मंदानं पेन खाली ठिवलाय.

मी म्हनलं, "बोल काय बोलायचं ते."

ती म्हनाली, "आईला म्हाईत हुतं."

"काय म्हाईत हुतं?"

"समदं. ती चारीच्या पलीकडं घास कापत हुती. तुमी मारलेलं बी बघितलं आन बांधावर बसून रडलेलं बी बघितलं. मधल्या वाटंनं तुमच्या आदी घरी आली. तुमी यायच्या आदी हळद गरम करून ठिवली हुती, तुमाला कळलं न्हाई?"

"मला वाटलं तुमच्याकडं हळद कायम गरमच असती."

मंदा हसली न्हाई. म्हनाली, "मी तवा आईशी भांडले. म्हनलं, त्यांनी कुत्र्याचा पाय मोडला आन तू त्यांना च्या देती, वर गावभर कवतिक करती? बोल की त्यांना दोन शबूद. आई म्हनाली, 'काय बोलू? मारायचं त्यांना आदीपासनंच येत हुतं, समद्यांनी तेच शिकवलंय. उचलून आनायचं आज पैल्यांदा केलं. मी नव्याला शाबासकी दिली.'"

मामी, मी मंदाला हे दोनदा सांगाय लावलं. मंग उठून गोठ्यात जाऊन आलो. काम काय न्हवतं तिथं.

मी नऊ वर्सं तुमच्यापासनं लपवत हुतो, आन तुमी नऊ वर्सं माझ्यापासनं लपवत हुता, की तुमाला म्हाईत हाय. एकाच चुलीवर जेवत हुतो. माझं लपवनं भ्याडाचं हुतं. तुमचं काय हुतं त्याला शबूद मला येत न्हाई, आन मंदाला बी येत न्हाई, ती धाव्वी पास हाय तरी. बापानं, चुलत्यानं, मुकादमानं माझ्यातलं जे बघितलं ते समदं खरंच हुतं मामी. तुमी तेच बघून, वर आजून एक बघितलं. येवढंच मला सांगायचं हुतं, आन त्यासाठी मी येवढी पानं नासवली.

मंदानं डोळं पुसलं आन वही परत वरपासनं चाळली. म्हनाली, "अवं, उद्या भाऊकी असनार, तुमच्याकडनं पाथर्डीची मानसं येनार, भागाकाकू म्होरंच बसनार. ते काठीचं गाळू का? पुलापातूर वाचते आन मंग एकदम हळदीवर येते. कुनाला कळायचं न्हाई."

मी म्हनलं, "न्हाई. काठीचं वाच. तीनदा मारलं, ते तीनदाच वाच."

"लोकं काय म्हनतील?"

"म्हनू दे. तू सावकाश वाच. मी तिथंच बसतो, टिप्याजवळ."